पोर्ट कुठल्या व्हीलॅनचा? स्विचवरची सदस्यता बसवायची सविस्तर रीत

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमधून सकाळी पावणेनऊला फोन आला. "प्रोग्रॅम मशीनवर जाईना झालाय, टॅली उघडंना झालीय, कॅमेरे पण गेलेत. आधी इकडं या बघू." जाऊन बघितलं तर निम्म्या कॉम्प्युटरना १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते मिळालेले, आणि कारखान्याचं नेटवर्क होतं १९२.१६८.१ चं. केबली शोधत शेडच्या मागच्या टोकाला पोचलो. तिथं फोनला इंटरनेट मिळावं म्हणून सुपरवायझरनं घरचा जुना वायफाय राऊटर आणला होता आणि भिंतीतल्या सॉकेटची केबल त्याच्या लॅन पोर्टात खोचली होती. त्या क्षणापासून तो राऊटर सगळ्या कारखान्याला पत्ते वाटत होता.

केबल काढली, कॉम्प्युटर एकेक करून परत चालू केले, पाऊण तासात काम सुरू झालं. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला इंटरनेट हवं होतं, सॉकेट रिकामं दिसलं, त्यानं केबल लावली. दोष नेटवर्क बसवणाऱ्याचा. कपाटातला २४ पोर्टचा स्विच चांगला मॅनेज्ड, म्हणजे पोर्टागणिक सेटिंग बदलता येणारा होता, पण खोक्यातून काढून जसा लावला तसाच चालू होता: सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये, रिकामे पोर्टसुद्धा जिवंत. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर आणि केबलींवर केलेला नेटवर्कचा वेगळा गट.

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात मी ज्या जागी कामं करतो तिथं बहुतेक ठिकाणी हेच दिसतं. सोसायटी असो, तंबाखूची वखार असो, शाळा असो की कारखाना, स्विच मॅनेज्ड घेतलेला असतो आणि वापर साध्या स्विचसारखा. व्हीलॅन तयार करणं सोपं आहे, तिथं कुणी अडत नाही. अडतात ते सदस्यतेपाशी, म्हणजे कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये आणि कशा रीतीनं, या ठिकाणी. म्हणून हा लेख फक्त त्याच्यासाठी आहे. वरच्या मशीन शॉपमध्ये पुढच्या रविवारी आम्ही जे काम केलं, तेच उदाहरण धरून चालतो.

## आधी एक गैरसमज

गिऱ्हाईक विचारतं, "व्हीलॅन केल्यावर स्पीड वाढेल काय?" नाही वाढणार. शेड आणि ऑफिसच्या मधली लाईन १०० एमबीपीएसची असेल आणि १६ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएस पाठवत असतील, तर ६४ एमबीपीएस तिथं जाणारच, व्हीलॅन असो वा नसो. व्हीलॅन वेगळेपणा देतं. एका गटाचा ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून केलेला पुकारा, दुसऱ्या गटात जात नाही, आणि एका गटातून दुसऱ्यात जायचं तर राऊटरच्या दारातूनच जावं लागतं. त्या दारावर पहारा ठेवणं हे वेगळं काम, त्याच्याकडं पुढं येतो.

मशीन शॉपमध्ये वेगळेपणाची गरज मोठी असते. मशीनजवळचे कॉम्प्युटर पंधरा-पंधरा वर्षं बदलत नाहीत. विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ मध्ये थांबवला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये, तरी शेडमध्ये दोन्ही चालू आहेत आणि रोज माल काढून देताहेत. ते बदला म्हणणं सोपं, पण त्यांच्याशी जोडलेलं मशीन लाखोंचं असतं. असे कॉम्प्युटर पाहुण्याच्या मोबाईलसोबत एकाच नेटवर्कवर ठेवणं मला पटत नाही.

## सदस्यता म्हणजे दोन वेगळे प्रश्न

इथं सावकाश वाचा, कारण निम्म्याहून जास्त चुका इथल्या.

८०२.१क्यू हे व्हीलॅनचं मानक १९९८ साली आलं. त्यानुसार इथरनेटच्या फ्रेममध्ये, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटात, ४ बाइटची एक चिठ्ठी घालतात, तिला टॅग म्हणतात. त्या चिठ्ठीत व्हीलॅन क्रमांकासाठी १२ बिट असतात. म्हणजे ० ते ४०९५, त्यातले ० आणि ४०९५ राखीव, आपल्या हातात १ ते ४०९४.

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसची कल्पना करा. एकाच ट्रकात खानापूरची, अथणीची, निपाणीची पार्सलं जातात, म्हणून प्रत्येकावर गावाची चिठ्ठी लागते. ही झाली टॅग्ड लाईन. गावात पोचल्यावर घरी पार्सल देताना चिठ्ठी काढून दिली तरी चालतं, कारण ते आता योग्य घरीच आहे. हा झाला अनटॅग्ड पोर्ट. आता उलट बाजू बघा. घरातून कुणी बिनचिठ्ठीचं पार्सल आणून काउंटरवर ठेवलं, तर कारकून त्यावर कुठल्या गावाची चिठ्ठी लावणार? त्या काउंटरला जे गाव ठरवून दिलंय त्याची. हा झाला पीव्हीआयडी.

म्हणजे प्रत्येक पोर्टला दोन प्रश्न विचारायचे.

पहिला: या पोर्टातून बाहेर कुठल्या व्हीलॅनच्या फ्रेम जाऊ द्यायच्या, आणि त्या चिठ्ठीसकट की चिठ्ठी काढून? याचं उत्तर सदस्यतेच्या पानावर असतं, टॅग्ड, अनटॅग्ड किंवा सदस्य नाही अशा खुणांनी.

दुसरा: या पोर्टात बिनचिठ्ठीची फ्रेम आत आली तर ती कुठल्या व्हीलॅनची मानायची? याचं उत्तर पीव्हीआयडीच्या पानावर असतं.

महागड्या स्विचवर ही दोन उत्तरं एकाच आज्ञेत दिली जातात, म्हणून तिथं काम करणाऱ्याला दोन प्रश्न असल्याचा पत्ताच लागत नाही. स्वस्त वेब-स्मार्ट (ब्राउझरमधून सेट करायच्या) स्विचवर दोन वेगळी पानं असतात, आणि माणूस पहिलं पान भरून उठतो. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

पोर्ट व्हीलॅन २० चा अनटॅग्ड सदस्य केला पण पीव्हीआयडी १ च राहिला, तर काय दिसतं ते मी लॅपटॉप लावून बघितलंय. केबल लावली की दिवा लागतो. वायरशार्क (केबलवरच्या फ्रेम दाखवणारा प्रोग्रॅम) उघडला तर व्हीलॅन २० मधल्या इतर मशीनचे एआरपीचे, म्हणजे 'हा पत्ता कुणाचा?' असे, प्रश्न दिसतात, म्हणजे येणारी वाट चालू आहे. पण आपण पाठवलेल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. आपल्या फ्रेम व्हीलॅन १ मध्ये जाताहेत, तिथं त्यांना ओळखणारं कुणी नाही. विंडोज थोडा वेळ थांबून स्वतःलाच १६९.२५४ चा पत्ता देऊन टाकतं. ऐकू येतंय पण बोलता येईना, असं चित्र दिसलं की केबल बदलत बसू नका, पीव्हीआयडी बघा.

उलटी चूकही होते. पोर्ट नवीन व्हीलॅनमध्ये घातला, पीव्हीआयडीही बदलला, पण व्हीलॅन १ ची अनटॅग्ड खूण काढायची राहिली. मग काम चालतं, म्हणून कुणाला कळत नाही. पण व्हीलॅन १ मधले ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट (ठराविक गटाला उद्देशून केलेले पुकारे) त्या पोर्टातून गळत राहतात. राऊटर व्हीलॅन १ वर आयपीव्ही६ ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांची, जाहिरात करत असेल, तर या पोर्टावरचा कॉम्प्युटर ती ऐकून तिथला आयपीव्ही६ पत्ता घेऊन बसतो, आणि मग काही वेबसाइट उघडतात, काही अडकतात. असला त्रास शोधायला दिवस जातो.

## कागद आधी, माउस नंतर

स्विचचं पान उघडायच्या आधी कागदावर तक्ता मांडा. मी हा तक्ता केल्याशिवाय लॉगिनसुद्धा करत नाही. मशीन शॉपसाठी गट असे ठरवले: १० ऑफिस, २० मशीन, ३० कॅमेरे, ४० पाहुण्यांचा वायफाय, ९९ स्विच आणि ॲक्सेस पॉइंटची (वायफाय देणाऱ्या डब्यांची) देखभाल, आणि ९९९ हा मुद्दाम कुठंच न जाणारा व्हीलॅन. ऑफिसमधल्या मुख्य स्विचचा तक्ता काम संपल्यावर असा असायला हवा होता:

| पोर्ट | काय जोडलंय | अनटॅग्ड | टॅग्ड | पीव्हीआयडी |
|---|---|---|---|---|
| १ ते ८ | टॅली, ऑफिसचे कॉम्प्युटर, प्रिंटर | १० | – | १० |
| ९, १० | प्रोग्रॅमचा कॉम्प्युटर, तपासणी खोली | २० | – | २० |
| ११ ते १८ | कॅमेरे, रेकॉर्डर | ३० | – | ३० |
| १९, २० | ॲक्सेस पॉइंट | ९९ | १०, ४० | ९९ |
| २१ | देखभालीचा लॅपटॉप | ९९ | – | ९९ |
| २२, २३ | रिकामे, बंद | ९९९ | – | ९९९ |
| २४ | राऊटर | ९९९ | १०, २०, ३०, ४०, ९९ | ९९९ |
| २५ | शेडकडे जाणारी फायबर | ९९९ | १०, २०, ३०, ४०, ९९ | ९९९ |

तक्ता वाचायची एक सोपी कसोटी: शेवटच्या टोकाचं उपकरण, म्हणजे कॉम्प्युटर, कॅमेरा, प्रिंटर, हे फक्त एकाच व्हीलॅनचं अनटॅग्ड सदस्य, आणि पीव्हीआयडी तोच. स्विच ते स्विच, स्विच ते राऊटर या ओळी टॅग्ड. ॲक्सेस पॉइंट मधला: त्याची स्वतःची देखभाल अनटॅग्ड, आणि तो हवेत जी वायफाय नावं सोडतो त्यांचे व्हीलॅन टॅग्ड. अनटॅग्ड आणि पीव्हीआयडीचे रकाने कुठल्याही ओळीत जुळत नसतील, तर आधी कागदावर दुरुस्त करा.

शेडकडे फायबरच घ्या, हे मी प्रत्येक मालकाला सांगतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा वीज कडाडते, आणि दोन इमारतींमधली तांब्याची केबल म्हणजे ती वीज आत यायची वाट. एका वळवात दोन्ही टोकांचे पोर्ट गेलेले मी बघितलेत.

आता पत्त्यांचं. प्रत्येक व्हीलॅनला वेगळं सबनेट, म्हणजे पत्त्यांचा वेगळा संच, लागतं, आणि व्हीलॅनचा क्रमांकच पत्त्याच्या तिसऱ्या जागी ठेवला की लक्षात राहतं: १० ला १९२.१६८.१०, ३० ला १९२.१६८.३०. पण एक गट जुन्याच सबनेटवर राहू द्या, ज्या गटात हातानं घातलेले कायमचे पत्ते सगळ्यात जास्त आहेत तो. आमच्याकडं तो गट मशीनचा. कंट्रोलरमधला पत्ता बदलायचा म्हणजे मशीनवाल्या कंपनीचा माणूस बोलवा, त्याची वाट बघा. म्हणून व्हीलॅन २० ला आम्ही जुनंच १९२.१६८.१ ठेवलं आणि बाकीचे गट हलवले. या एका निर्णयानं रविवारचं काम रविवारीच संपलं.

केबलींना रंग ठरवा. आमच्या भागात हे जास्तच उपयोगी पडतं. शेडमधला इलेक्ट्रिशियन कन्नड वाचतो, ऑफिसातल्या ताई मराठी, स्विचचं पान इंग्रजीत. निळी ऑफिसची, पिवळी मशीनची, लाल कॅमेऱ्याची म्हटलं की तिघांनाही एकच कळतं.

## बदल करायचा क्रम

क्रमाला फार महत्त्व आहे. तुम्ही ज्या वाटेनं स्विचपर्यंत पोचलाय तीच वाट तुम्ही बदलणार असता.

सुरुवातीला सध्याची सेटिंग फाइलमध्ये काढून लॅपटॉपवर ठेवा. मग एक सुटकेचा पोर्ट निवडा. आमचा २१. त्याला व्हीलॅन १ मध्ये तसाच ठेवायचा आणि लॅपटॉप केबलनं तिथंच लावायचा, वायफायवरून काम करायचं नाही. लॅपटॉपला जुन्या सबनेटमधला एक पत्ता हातानं द्या, म्हणजे मधे राऊटर गेला तरी स्विच दिसत राहील.

पहिली पायरी, व्हीलॅन तयार करणं आणि नावं देणं. यानं चालू कामाला धक्का लागत नाही. छोट्या स्विचवर एक खबरदारी घ्या. टीपी-लिंकच्या छोट्या स्मार्ट स्विचवर व्हीलॅनची तीन पानं असतात: एमटीयू व्हीलॅन, पोर्ट-बेस्ड व्हीलॅन आणि ८०२.१क्यू व्हीलॅन. एका वेळी एकच चालू राहतो. दोन स्विचमधून एकाच केबलवर गट न्यायचे असतील तर ८०२.१क्यूच हवा, बाकीची दोन पानं विसरा.

दुसरी पायरी, मधल्या लाईनी. पोर्ट २४ आणि २५ वर नवे सगळे व्हीलॅन टॅग्ड म्हणून घाला, आणि शेडमधल्या स्विचच्या फायबर पोर्टवरही तेच. व्हीलॅन १ ची अनटॅग्ड खूण आत्ता काढायची नाही. जुनं काम तिच्यावर चालू आहे. नवा रस्ता जुन्याशेजारी बांधायचा, जुना शेवटी मोडायचा. दोन्ही टोकांच्या याद्या शब्दशः सारख्या आहेत ना, हे मोठ्यानं वाचून तपासा. एका टोकाला ४० राहिला तर शेडमधला पाहुण्यांचा वायफाय दिसतो, जोडला जातो, आणि पत्ताच मिळत नाही.

तिसरी, राऊटर. त्याच्यावर प्रत्येक व्हीलॅनचा उपइंटरफेस (एकाच पोर्टावरचं त्या व्हीलॅनचं वेगळं दार), त्याचा पत्ता, आणि त्या व्हीलॅनची डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटायची सोय. २० चा पत्ता तेवढा चौथ्या पायरीत. हे केलं की कुठल्याही एका रिकाम्या पोर्टला व्हीलॅन १० चा करून लॅपटॉप लावून बघा. १९२.१६८.१० चा पत्ता मिळाला म्हणजे टॅग्ड वाट वरपर्यंत बरोबर आहे. न मिळाल्यास इथंच थांबा. पुढं गेलात तर एकाच वेळी दहा ठिकाणी शोधावं लागेल.

चौथी पायरी, टोकाचे पोर्ट, एकेक गट. प्रत्येक पोर्टसाठी तीन हालचाली ठरलेल्या: नव्या व्हीलॅनचा अनटॅग्ड सदस्य करा, पीव्हीआयडी बदला, मग व्हीलॅन १ मधून काढा. याच क्रमानं. काही स्विच पीव्हीआयडी ज्या व्हीलॅनवर आहे त्यातून पोर्ट काढूच देत नाहीत आणि नुसता एक त्रुटीचा संदेश देतात. क्रम बरोबर असला की तो संदेश येत नाही. आम्ही आधी ऑफिस हलवलं, कारण तिथं सगळे पत्ते आपोआप मिळणारे होते. प्रिंटरला तेवढा नवा कायमचा पत्ता दिला. मग कॅमेरे. आधी प्रत्येक कॅमेऱ्यात आणि रेकॉर्डरमध्ये १९२.१६८.३० चे नवे पत्ते घातले, आणि नंतर पोर्ट हलवले. उलट केलं असतं तर कॅमेऱ्यापर्यंत पोचायची वाटच राहिली नसती. मशीन सगळ्यात शेवटी, कारण त्यांचं सबनेट जुनंच. राऊटरवरचा १९२.१६८.१.१ हा पत्ता अनटॅग्ड इंटरफेसवरून काढून व्हीलॅन २० वर द्यायचा आणि मशीनचे पोर्ट हलवायचे, हे दोन्ही पाठोपाठ.

पाचवी, देखभालीचा व्हीलॅन. स्विचचा स्वतःचा पत्ता ९९ मध्ये न्यायचा. आधी शेडचा स्विच, मग ऑफिसचा. लांबचा आधी, जवळचा नंतर. जवळचा आधी हलवलात तर लांबच्यापर्यंत पोचायला चालत जावं लागतं. मायक्रोटिक वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की ब्रिजवरची व्हीलॅन फिल्टरिंगची खूण सगळी सदस्यता भरून झाल्यावर शेवटी चालू करायची. ती आधी चालू केली की स्विच हातातून जातो.

हे सगळं झाल्यावर मगच २४ आणि २५ वरून व्हीलॅन १ काढा, २१ ला ९९ मध्ये आणा, रिकामे पोर्ट ९९९ मध्ये टाकून बंद करा.

## कंपनीगणिक शब्द बदलतात

एकच गोष्ट, शब्द वेगळे, आणि फोनवर दुसऱ्याला सांगताना इथंच घोळ होतो. सिस्कोवर टोकाच्या पोर्टला ॲक्सेस म्हणतात आणि अनेक व्हीलॅन नेणाऱ्याला ट्रंक. एचपी आणि अरुबाच्या जुन्या पठडीतल्या स्विचवर ट्रंक म्हणजे दोन-चार केबली एकत्र बांधलेली लाईन, व्हीलॅनशी त्याचा संबंध नाही. तिथं व्हीलॅनच्या आत जाऊन अनटॅग्ड ९-१०, टॅग्ड २४-२५ असं लिहायचं. पोर्ट एका वेळी एकाच व्हीलॅनचा अनटॅग्ड असू शकतो, म्हणून २० मध्ये अनटॅग्ड लिहिलं की तो १ मधून आपोआप निघतो आणि पीव्हीआयडीचंही काम होतं. नेटगिअरच्या सदस्यतेच्या पानावर पोर्टचे चौकोन असतात. टिचकी मारत गेलं की टी, यू, रिकामं अशी खूण फिरते, आणि पीव्हीआयडीचं पान निराळं. डी-लिंकवर चौथा पर्याय मिळतो, मनाई. त्या पोर्टला त्या व्हीलॅनमध्ये कधीच घालू नये असा त्याचा अर्थ. सिस्कोवर नेटिव्ह व्हीलॅन म्हणतात ते म्हणजे ट्रंकवरचा अनटॅग्ड व्हीलॅन. दोन्ही टोकांना तो सारखा हवा, नाहीतर एका टोकाचा १ दुसऱ्या टोकाला ९९ होऊन बसतो.

सिस्कोवरची एक आज्ञा मात्र मनावर कोरून ठेवा. ट्रंकवर १०, २०, ३० चालू आहेत आणि ४० वाढवायचाय. "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०" असं लिहिलंत तर ४० वाढत नाही, जुनी यादी पुसून फक्त ४० उरतो. मधे "ॲड" शब्द हवा: "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ४०". निपाणीतल्या एका वखारीचा स्विच मी बेळगावात बसून दुरून बदलत होतो आणि हा एक शब्द राहिला. स्विच तिथंच गप्प. संध्याकाळचे सहा वाजलेले, दुसऱ्या दिवशी त्यांचा माल निघणार, म्हणून गाडी काढली आणि सत्तर किलोमीटरच्या वर हायवे तुडवून तिथं गेलो. स्विचची वीज काढून परत लावली, आणि सगळं जुन्यासारखं चालू झालं, कारण ती चुकीची सेटिंग मी सेव्ह केलेली नव्हती. हे तिथल्या पोराला फोनवर सांगूनही झालं असतं.

तेव्हापासून दुरून काम करायचं असेल तर सिस्कोवर आधी "रीलोड इन १०" देतो. दहा मिनिटांनी स्विच स्वतःहून परत चालू होतो आणि सेव्ह न केलेली चूक पुसली जाते. सगळं ठीक झालं की "रीलोड कॅन्सल", आणि मगच सेव्ह. ही सोय वेब-स्मार्ट स्विचवर नसते, आणि काही स्विच तर ॲप्लाय दाबताच कायमचं लिहून टाकतात. आपला स्विच कुठल्या जातीचा आहे हे जागेवर असताना एका रिकाम्या पोर्टावर करून बघून ठेवा.

सिस्कोवर व्हीलॅन काढून टाकतानाही जपून. व्हीलॅन काढला म्हणून त्यातले पोर्ट १ मध्ये परत जात नाहीत, ते निष्क्रिय होऊन पडतात. आधी पोर्ट हलवा, मग व्हीलॅन काढा.

## राऊटरवरचा पहारा

सदस्यता बरोबर बसली तरी राऊटर सगळ्या व्हीलॅनमध्ये ये-जा करू देत असेल, तर पाहुण्याचा फोन मशीनपर्यंत पोचतोच. आम्ही नियम थोडकेच ठेवले. ४० मधून फक्त इंटरनेट. ३० मधून बाहेर काही नाही, ऑफिसमधून रेकॉर्डर बघायला तेवढी परवानगी. २० मधून इंटरनेट बंद. मशीनचा डेटा वाचणारा ऑफिसातला एक कॉम्प्युटर तेवढा आत जाऊ शकतो. मशीनवर फॅनक कंपनीचा कंट्रोलर असेल तर त्यासाठी सहसा टीसीपी ८१९३ हा सेवेचा क्रमांक उघडा लागतो. ९९ मध्ये कुणालाच प्रवेश नाही.

नियम लावल्यावर एक तक्रार नक्की येते: "कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्च केलं की कॅमेरे सापडंना झालेत." बिघाड काही नाही. तो शोध मल्टिकास्टवर चालतो, आणि मल्टिकास्ट व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही. रेकॉर्डर आणि कॅमेरे एकाच व्हीलॅनमध्ये ठेवा आणि ऑफिसमधून रेकॉर्डरचा पत्ता हातानं टाका. मोबाईलवरून प्रिंट देणाऱ्यांचीही हीच अडचण. फोन ज्या वायफायवर आहे ते प्रिंटरच्याच व्हीलॅनचं असेल तर प्रिंटर आपोआप सापडतो.

## तपासणी

प्रत्येक गटातला एक पोर्ट निवडा आणि तीन गोष्टी बघा. पत्ता योग्य सबनेटचा मिळाला का. राऊटरला पिंग (उत्तर येतं का बघायची हाक) जातो का. आणि जिथं जायला नको तिथं खरंच जात नाही ना. तिसरी तपासणी लोक करत नाहीत, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. पाहुण्यांच्या वायफायवर फोन जोडून मशीनच्या पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं तर काम अपुरं आहे.

स्विचचा मॅक पत्त्यांचा तक्ता उघडा. मॅक म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता. त्यात प्रत्येक मॅक कुठल्या पोर्टावर आणि कुठल्या व्हीलॅनमध्ये शिकला गेला ते असतं. कॅमेऱ्याचा मॅक व्हीलॅन १ समोर दिसला तर त्या पोर्टाचा पीव्हीआयडी राहिलाय, आणखी पुरावा नको. त्या रविवारी पोर्ट १४ असाच सापडला.

लॅपटॉपनं टॅग बघायचा प्रयत्न करत असाल तर विंडोजवर फसाल. बऱ्याच नेटवर्क कार्डांचा ड्रायव्हर टॅग काढून टाकूनच फ्रेम वर देतो, मग वायरशार्कमध्ये टॅग दिसत नाही आणि आपण स्विचला दोष देतो. लिनक्सचा लॅपटॉप घ्या, त्यावर व्हीलॅनचा उपइंटरफेस करून टॅग्ड पोर्टावर थेट पत्ता मागा.

मधे कुठं टेबलाखाली पाच पोर्टचा साधा स्विच दडलाय का तेही बघा. अनटॅग्ड पोर्टाच्या पुढं तो चालतो, पण त्याच्यावरची सगळी उपकरणं त्या एकाच व्हीलॅनची होतात. आम्हाला तपासणी खोलीत असा एक सापडला, त्यावर कॅमेरा आणि मशीनचा कॉम्प्युटर दोन्ही. कॅमेऱ्याला वेगळी केबल ओढली.

## सेव्ह, आणि कपाटाच्या दारावरचा कागद

सेव्ह केल्याशिवाय उठू नका. आपल्याकडं पावसाळ्यात लाईट जायला निमित्त लागत नाही. सेव्ह न केलेला स्विच आठवडाभर नीट चालतो, एका रात्री लाईट जाते, यूपीएसची बॅटरी संपते, आणि सकाळी सगळे पोर्ट परत जुन्या जागी. कुणी काही बदललं नाही असं सगळे शपथेवर सांगतात, आणि ते खरंच असतं. म्हणून सेव्ह केल्यावर स्विच एकदा मुद्दाम बंद-चालू करून तक्ता परत ताडून बघा. मग नवी सेटिंग फाइलमध्ये काढा, नावात तारीख घाला, आणि तिची एक प्रत मालकाकडं द्या.

तक्त्याची छापील प्रत स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, तारीख घालून. पुढं कुणी पोर्ट बदलला तर त्यानं त्याच कागदावर पेननं खोडून नवं लिहायचं. उद्यमबागेतल्या त्या कागदावर आता तीन खोडाखोडी आहेत, तिन्ही त्यांच्या इलेक्ट्रिशियनच्या हातच्या, एक कन्नडमध्ये. तिन्ही स्विचशी जुळतात.

डीएचसीपी स्नूपिंग मात्र नंतरच्या आठवड्यात चालू केलं: पत्ते वाटायचा अधिकार फक्त राऊटरकडच्या आणि फायबरच्या पोर्टला, बाकी कुठूनही कुणी पत्ते वाटायला लागलं तर स्विच ते टाकून देतो. सदस्यता पक्की झाल्यावरच हे करावं, एकदम दोन्ही केलं तर चूक कशात आहे ते कळत नाही.

शेडच्या मागच्या टोकाच्या त्या सॉकेटवर आता एक ॲक्सेस पॉइंट आहे, ९९ अनटॅग्ड, १० आणि ४० टॅग्ड. सुपरवायझरचा फोन ४० वर चालतो, आणि घरचा राऊटर त्यांनी परत घरी नेला.